आत्या कुठून आली?

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते’ ही म्हण आपण निरर्थक जर-तरच्या बोलण्याला उत्तर म्हणून वापरतो. म्हणीचा रोख विनोदाचा असला तरी तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. आत्या आणि काका ही दोघे वडिलांची भावंडे; तेव्हा त्यांच्यात फरक काय तो मिशांचाच, असे म्हण धरून चालते. रक्ताच्या नात्याचा हिशेब केला तर हे अगदी बरोबर आहे. परंतु आपली भाषा मात्र हा हिशेब मानत नाही. मराठीतील नात्यांचे शब्द शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर आत्या ही काकाच्या रांगेत न बसता मामाच्या रांगेत जाऊन बसते. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भाषाशास्त्र, समाजशास्त्र आणि थोडेसे जीवशास्त्र यांची एकदमच गरज पडते. म्हणून या लेखात आपण या एकाच शब्दाचा माग काढू.

मावशी सापडते, आत्या सापडत नाही

सुरुवात मावशीपासून करू. संस्कृतात आईच्या बहिणीला ‘मातृष्वसृ’ म्हणत. ‘मातृ’ म्हणजे आई आणि ‘स्वसृ’ म्हणजे बहीण. प्राकृतात याचे ‘माउस्सिआ’, ‘माउसिआ’ असे रूप झाले आणि त्यातून मराठीत मावशी, हिंदीत मौसी, गुजरातीत मासी आणि बंगालीत माशी हे शब्द आले. सरळ, स्वच्छ वंशावळ आहे.

वडिलांच्या बहिणीसाठीही संस्कृतात अगदी याच धर्तीचा शब्द होता: ‘पितृष्वसृ’. प्राकृतात त्याचे ‘पिउसिआ’ झाले. त्याचे वंशज आजही हयात आहेत. बंगालीत आत्याला पिशी म्हणतात, ओडियात पिउसी म्हणतात. मग मराठीत मावशीच्या जोडीला ‘पिवशी’सारखा एखादा शब्द यायला हवा होता. तो आलेला नाही. हिंदीत बुआ आणि फूफी, गुजरातीत फोई, नेपाळीत फुपू असे निराळेच शब्द रूढ झाले. खानदेशाच्या बाजूला ‘फुई’ कानावर येते. उरलेल्या महाराष्ट्रात मात्र बहुतेक ठिकाणी आत्या आहे. हा शब्द मराठीच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात नाही. मग तो कुठला?

आत, भात आणि सात

आधी शब्दाचे रूप पाहू. आतेभाऊ, आतेबहीण, आतोबा (आत्याचा नवरा) या शब्दांतून समान भाग वेगळा काढला, तर ‘आत’ एवढाच उरतो. ‘आत’ हेच मूळ रूप असून जुन्या कोशांतही ते आत्या या अर्थाने दिलेले आढळते.

मराठी शब्दांचा इतिहास शोधताना एक नियम फार उपयोगी पडतो. प्राकृतात जिथे जोडाक्षर (द्वित्त) होते, तिथे मराठीत एकच व्यंजन उरले आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ झाला. संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात. भक्त (म्हणजे अन्न), भत्त, भात. कर्म, कम्म, काम. अद्य, अज्ज, आज. शब्दाच्या शेवटचा स्वरही गळून गेला: लज्जा-लाज, संध्या-संझा-सांज. आता हाच नियम उलटा चालवू. सात वरून मागे गेलो की सत्त मिळतो, भात वरून भत्त. तसे ‘आत’ वरून मागे गेलो की ‘अत्ता’ मिळायला हवा.

आणि असा शब्द प्राकृतात खरोखरच आहे. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा संग्रह परंपरेने हाल सातवाहनाच्या नावावर आहे. त्यात ‘अत्ता’ हा शब्द येतो. गंमत अशी, की तिथे त्याचा अर्थ आत्या नसून सासू असा आहे. तरुण सून आपल्या सासूला ‘अत्ता’ म्हणते. पुढे बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ हा कोश रचला. ज्या शब्दांचे मूळ संस्कृतात दाखवता येत नाही, असे शब्द त्याने त्यात गोळा केले. त्यातही ‘अत्ता’ आहे आणि त्याचे अर्थ आई, सासू, वडिलांची बहीण असे अनेक दिलेले आहेत.

एकाच शब्दाने आत्या आणि सासू या दोघींचा बोध व्हावा, हे उत्तर भारतातील कोणालाही चमत्कारिक वाटेल. महाराष्ट्रातील खेड्यांत वाढलेल्या वाचकांना मात्र तसे वाटणार नाही. कारण सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणणाऱ्या सुना त्यांनी पाहिलेल्या असतील. सासू (संस्कृत श्वश्रू, प्राकृत सस्सू) हा शब्द मराठीत आहेच. पण तो तिच्याविषयी बोलताना वापरायचा. हाक मारायची ती आत्याबाई म्हणूनच.

दक्षिणेकडे वळल्यावर

आता कानडी शेजाऱ्याकडे जाऊ. कानडीत ‘अत्ते’ म्हणजे वडिलांची बहीण, ‘अत्ते’ म्हणजे मामी आणि ‘अत्ते’ म्हणजेच सासू. तेलुगूत ‘अत्त’ आणि तमिळमध्ये ‘अत्तै’ या शब्दांचे अर्थही हेच तीन. तशीच स्थिती पुरुषांकडे आहे. कानडीत ‘मावा’ म्हणजे आईचा भाऊ, ‘मावा’ म्हणजे आत्याचा नवरा आणि ‘मावा’ म्हणजे सासरा. दोन शब्दांत सहा नाती बसली.

ही काटकसर शब्दांच्या तुटवड्यामुळे झालेली नाही. तिच्यामागे लग्नाची एक पद्धत आहे. अशी कल्पना करा, की दोन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक चालू आहे. ‘अ’ घराण्यातील मुली ‘ब’ घराण्यात दिल्या जातात आणि ‘ब’ घराण्यातील मुली ‘अ’ घराण्यात येतात. ‘अ’ घराण्यातील एका मुलाचा विचार करू. त्याची आई ‘ब’ घराण्यातून आलेली, म्हणजे त्याचा मामा ‘ब’ मध्ये आहे. त्याची आत्या लग्न होऊन ‘ब’ मध्येच गेलेली, म्हणजे आत्याचा नवरा तोच मामा आणि मामी तीच आत्या. या मुलाची बायकोही ‘ब’ मधूनच येणार, म्हणजे तीच त्या दोघांची मुलगी. मग मामा हाच सासरा आणि आत्या हीच सासू! फळ्यावर दोन उभ्या ओळी काढून हे चित्र मांडले तर विद्यार्थ्यांना पाच मिनिटांत समजते.

प्रत्यक्षात दर वेळी अशी अदलाबदल होतेच असे नाही. पुष्कळदा लग्न नात्याबाहेरही होते. पण भाषेने हा नमुना आदर्श म्हणून धरला आणि शब्द त्यानुसार बेतले. म्हणूनच नात्यात नसलेल्या सासूलाही सून आत्याबाईच म्हणते.

या व्यवस्थेत वडिलांचा भाऊ आणि आईची बहीण यांची जागा अगदी निराळी असते. कानडीत काका हा ‘चिक्कप्प’ म्हणजे धाकटा बाप आणि मावशी ही ‘चिक्कम्म’ म्हणजे धाकटी आई. त्यांची मुले ही सख्ख्या भावंडांसारखी, म्हणून त्यांच्याशी लग्न निषिद्ध. आत्या आणि मामा यांची मुले मात्र सोयरिकीच्या घरातली. मराठीतील ‘चुलता’ हा शब्दही ‘धाकटा बाप’ अशाच अर्थाच्या जुन्या शब्दापासून आलेला आहे, हे इथे आठवावे.

भाचा आणि पुतण्या

मराठीत या विचाराची आणखी एक खूण आपण रोज वापरतो. समजा, एका माणसाला एक भाऊ आणि एक बहीण आहे. त्या माणसाचा मुलगा भावाचा कोण लागतो? पुतण्या. तोच मुलगा बहिणीचा कोण लागतो? भाचा. मूल एकच, ते दोघांच्याही सख्ख्या भावाचे; तरी काकाचा तो पुतण्या आणि आत्याचा भाचा. हिंदीत असे होत नाही. तिथे भावाचा मुलगा भतीजा, मग म्हणणारा काका असो की बुआ. मामाही आपल्या बहिणीच्या मुलाला भाचाच म्हणतो. म्हणजे मराठीने काका एका बाजूला ठेवला आणि आत्या व मामा यांना दुसऱ्या बाजूला एकत्र बसवले. म्हणीतील गृहीत इथे कोसळते.

‘मेहुणी’ या शब्दाची कथाही अशीच आहे. हेमचंद्राच्या कोशात ‘मेहुणिआ’ या शब्दाला बायकोची बहीण आणि मामाची मुलगी असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. हेमचंद्राने त्याला देशी मानले असले, तरी आधुनिक कोशकार या शब्दाचा संबंध संस्कृतातील ‘मिथुन’ म्हणजे जोडी या शब्दाच्या कुळाशी लावतात. शब्दाचे बीज उत्तरेचे, पण अर्थाची मांडणी दक्षिणेची.

नुसत्या आवाजावर विश्वास नको

इथपर्यंत आलो की ‘आत्या हा शब्द कानडीतून आला’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. परंतु शास्त्रीय पद्धतीने विचार करायचा तर एक अडचण आहे. ‘अत्ता’ सारखे शब्द जगात इतरत्रही सापडतात. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘अत्ता’ म्हणजे बाप. तुर्की भाषेत ‘अता’ म्हणजे बाप, पूर्वज. या भाषांचा कानडीशी काय संबंध?

याचे उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये केलेल्या मांडणीत मिळते. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगातील अनेक भाषांतून आई आणि बाप या अर्थांचे १०७२ शब्द जमवले होते. त्यात आईच्या निम्म्याहून अधिक शब्दांत म, न यांसारखी अनुनासिके होती, तर बापाच्या शब्दांत ती फारच थोडी होती. तिथे प, ब, त, द यांसारखे ध्वनी जास्त होते. तान्ही मुले पहिल्यांदा जे सोपे आवाज काढतात, तेच मोठी माणसे उचलतात आणि जवळच्या माणसांना चिकटवतात, असे याकोबसन यांचे म्हणणे. मामा, पापा, दादा, अत्ता हे असे पाळण्यातले शब्द आहेत. ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्माला येऊ शकतात. म्हणून दोन भाषांतील अशा शब्दांचा आवाज सारखा आहे, एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही.

मग आपला पुरावा कोणता? आवाजापेक्षा अर्थ अधिक बोलका आहे. बाळाच्या तोंडून ‘अत्ता’ असा आवाज कुठेही निघेल. पण त्या आवाजाला ‘आत्या, मामी आणि सासू’ असा नेमका तिहेरी अर्थ योगायोगाने चिकटणार नाही. तो अर्थ द्राविडी भाषांच्या कुटुंबव्यवस्थेत आहे आणि महाराष्ट्री प्राकृतापासून आजच्या आत्याबाईपर्यंत त्याचा धागा दिसतो. यात चालीरीतींचा पुरावा मिळवला की बाजू भक्कम होते.

याची एक चांगली पडताळणी श्रीलंकेत होते. सिंहली ही मराठीप्रमाणेच इंडो-आर्य कुळातील भाषा. पण ती शतकानुशतके तमिळच्या शेजारी राहिली. सिंहलीत ‘नॅन्दा’ म्हणजे आत्या आणि सासू. ‘मामा’ म्हणजे मामा आणि सासरा. आत्यासाठी शब्द वेगळा, पण अर्थाची घडण तीच. शब्द उसना न घेताही नात्याचा नकाशा उसना घेता येतो, हे यावरून समजते.

चालीरीतींचा पुरावा

इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतील बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेतील लोकांच्या पाच खास चाली सांगितल्या आहेत. त्यातील एक म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेकडील लोकांच्याही पाच चाली तिथे दिल्या आहेत आणि एकीकडची चाल दुसरीकडे केली तर तो दोष ठरतो, असे म्हटले आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मात्र आत्याची, मावशीची आणि मामाची अशा तिन्ही मुलींशी संबंध आल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. महाभारतात अर्जुनाची पत्नी सुभद्रा ही त्याचा मामा वसुदेव याची मुलगी. कुंती ही वसुदेवाची बहीण. म्हणजे सुभद्रेची आत्याच तिची सासू झाली.

आधुनिक काळात या विषयाचा पाया अमेरिकेतील लुइस हेन्री मॉर्गन यांनी घातला. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तमिळ नात्यांचे शब्द आणि अमेरिकेतील इरोक्वा लोकांचे शब्द यांच्या मांडणीतील साम्य दाखवले. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी देशाचे चार विभाग पाडले आणि महाराष्ट्राला मधल्या विभागात घातले. भाषा उत्तरेच्या कुळातली, पण कुटुंबाच्या रीती बऱ्याच दक्षिणेच्या, अशी ही सांध्याची भूमी आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, आत्याच्या मुलीशी मात्र चालत नाही. म्हणजे दक्षिणेचा नियम इथे अर्धाच स्वीकारला गेला. अण्णा, अक्का, अप्पा हे घरातले शब्दही याच सांध्याची साक्ष देतात. मराठी ही संस्कृतची ‘शुद्ध’ कन्या आहे की नाही, या वादात पडणाऱ्यांनी घरातल्या घरात कोणाला काय हाक मारली जाते, ते आधी ऐकावे.

रक्ताचा हिशेब आणि भाषेचा हिशेब

जीवशास्त्राच्या दृष्टीने काका, आत्या, मामा, मावशी या चौघांशी आपले नाते सारखेच आहे. चौघांशीही आपले सरासरी १/४ जनुक समान असतात. चुलत, आते, मामे, मावस या चारही प्रकारच्या भावंडांशी १/८. निसर्ग आतेभाऊ आणि चुलतभाऊ यांत फरक करत नाही. तो फरक समाज करतो आणि भाषा टिकवते.

हे शिक्षकांनी समजून घेण्याचे एक कारण आहे. ‘चुलत बहिणीशी लग्न वाईट, मामेबहिणीशी मात्र धोका नाही’ अशी समजूत पुष्कळांची असते. ती चूक आहे. दोन्हीकडे धोका सारखाच. आईवडील एकमेकांची सख्खी आते-मामे भावंडे असतील, तर एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मुलात येण्याची शक्यता १/१६ असते. त्यामुळे थॅलेसेमियासारखे, दोन्हीकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकट होणारे आजार संभवतात. सर्वसाधारण जोडप्यांच्या मुलांत गंभीर जन्मजात दोषांचे प्रमाण २ ते ३ टक्के असते. अशा जोडप्यांत त्यात आणखी साधारण २ ते ३ टक्क्यांची भर पडते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच असतात, पण धोका वाढतो हेही खरे. वर्गात नात्यातील लग्नातून जन्मलेली मुले बसलेली असू शकतात. हा विषय शिकवताना त्यांना अपराधी वाटेल असे काही बोलू नये. अशा लग्नाआधी जनुकीय सल्ला घेता येतो, हे मात्र जरूर सांगावे. कायद्याची बाजूही सांगता येईल: १९५५ चा हिंदू विवाह कायदा भावाबहिणीच्या मुलांचे परस्परांशी लग्न निषिद्ध मानतो, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर ते चालू शकते.

आंटीची मूळ आत्या

आता मुले आत्या, मामी, मावशी, शेजारीण आणि दुकानातील अनोळखी बाई या सर्वांना ‘आंटी’ म्हणू लागली आहेत. या शब्दाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. लॅटिन भाषेत आपल्यासारखेच चार शब्द होते. वडिलांचा भाऊ ‘पात्रुउस’, वडिलांची बहीण ‘अमिता’, आईचा भाऊ ‘अवुन्कुलुस’ आणि आईची बहीण ‘मातेर्तेरा’. जुन्या इंग्रजीतही चौघांना चार निराळे शब्द होते. पुढे ते गेले आणि फ्रेंचमार्गे लॅटिनचे दोन शब्द आले. ‘अमिता’पासून आंट आणि ‘अवुन्कुलुस’पासून अंकल. म्हणजे आंटी मुळात आत्याच आणि अंकल मुळात मामाच! चार खोल्यांचे घर दोन खोल्यांचे झाले, कारण त्या समाजाला चार खोल्यांची गरज उरली नाही.

आपल्याकडेही गरज बदलते आहे. ज्या घरात एकच मुलगा असेल, त्याच्या मुलांना सख्खी आत्या नसणार. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तिथे आता चुलत-मावस आत्या शोधावी लागते. शब्द टिकावा म्हणून कोणी कुटुंब वाढवणार नाही, आणि वाढवूही नये. पण शब्द जाण्याआधी त्याच्यात साठवलेली माहिती उतरवून घेणे आपल्या हातात आहे.

हे काम वर्गात सहज करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील मोठ्या माणसांना विचारावे: वडिलांची बहीण, तिचा नवरा, मामाची बायको, सासू आणि सासरा यांना तुम्ही काय म्हणता, आणि हाक काय मारता? घरची बोली, गाव आणि पिढी यांची नोंद करावी. ज्या मुलांना स्वतःच्या घराविषयी सांगायचे नसेल, त्यांना शेजारचे घर निवडू द्यावे. मग हे शब्द जिल्ह्याच्या नकाशावर मांडावेत. ‘फुई’ कुठे संपते आणि ‘आत्या’ कुठे सुरू होते, सासूची ‘आत्याबाई’ कोणत्या पिढीत ‘आई’ किंवा ‘मम्मी’ झाली, हे त्या नकाशावर दिसेल. मुलांनी आणलेला एकही शब्द ‘अशुद्ध’ म्हणून खोडू नये. खोडलेल्या शब्दाबरोबर नेमका तोच पुरावा नाहीसा होतो, ज्याच्या शोधात आपण निघालेलो असतो.